आत्या एडिसनला आणि सातबारा सोलापूरला: अमेरिकेतल्या मेडिकेडसाठी इकडून काय काय करावं लागतं

अमेरिकेत म्हातारपण काढणाऱ्या आपल्या माणसांचे मेडिकेडचे, म्हणजे कमी पैसेवाल्यांसाठीच्या तिथल्या सरकारी आरोग्य योजनेचे, फॉर्म तिकडं भरतात, पण अडकतात ते सोलापूरच्या कागदांवर. आमची आत्या न्यू जर्सीत एडिसनला, तिला डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, आतोबांना एकट्यानं सांभाळणं होईना, म्हणून नर्सिंग होमचा विषय निघाला. तिकडचं सगळं आतेभाऊ बघतो, इकडचं माझ्या गळ्यात. आता जुळे सोलापूरपासून अक्कलकोटपर्यंत ओळखीतले लोक विचारायला यायलेत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी वकील नाही हे आधीच सांगतो, शेवटचा शब्द त्या त्या स्टेटमधल्या एल्डर लॉ (म्हाताऱ्या माणसांच्या कायद्याची कामं बघणाऱ्या) वकिलाचाच, कारण मेडिकेड हे केंद्र आणि स्टेटच्या पैशातून चालतं आणि प्रत्येक स्टेटचे नियम थोडे थोडे वेगळे असतात.

आधी मेडिकेअर आणि मेडिकेडचा घोळ मिटवू. दोन्ही योजना १९६५ च्याच कायद्यानं आल्या, नावंही सारखी, पण काम वेगळं. मेडिकेअर ६५ नंतर मिळतं, ते हॉस्पिटल आणि डॉक्टरचं. हॉस्पिटलात निदान तीन दिवस ॲडमिट राहून मग नर्सिंग होमला गेलं तर मेडिकेअर जास्तीत जास्त १०० दिवस बघतं, त्यातले पहिले २० पूर्ण आणि पुढं रोजचे पैसे आपल्यालाही भरावे लागतात. अंघोळ घालणं, भरवणं, उठवणं-बसवणं अशी कायमची सेवा त्यात येत नाही. ती मेडिकेडमध्ये येते, पण ज्याच्याकडं पैसा संपलेला आहे त्यालाच. इकडं लोकांना वाटतं की अमेरिकेत सरकार सगळं फुकट करतं, तसं काही नाही.

पात्रता कोणाला? व्हिजिटर व्हिसावर आईवडिलांना नेलं असेल तर हा विषय सोडून द्या, तिथं प्रवासी विमा घ्यायचा. मुलानं ग्रीन कार्ड करून नेलं असेल तर १९९६ च्या कायद्यानं पहिली पाच वर्षं फुल मेडिकेड नाही, फक्त इमर्जन्सीपुरतं (काही स्टेट स्वतःच्या पैशातून थोडं जास्त देतात). पाच वर्षं झाली तरी मुलानं भरलेला आय-८६४ नावाचा हमीचा फॉर्म असतो, त्यामुळं मुलाचा पगार आईचाच धरून मोजू शकतात, ते ती सिटिझन होईपर्यंत किंवा कामाचे ४० क्वार्टर (साधारण दहा वर्षांचं काम) पूर्ण होईपर्यंत. म्हणून ज्यांचे आईवडील पाच वर्षांपासून तिकडं आहेत त्यांनी सिटिझनशिपचं मनावर घ्या. इंग्रजी येत नाही म्हणून घाबरू नका, वय ५५ आणि ग्रीन कार्डला १५ वर्षं झाली असतील तर परीक्षा मराठीत दुभाषा घेऊन देता येते, आणि डिमेन्शियासारखा आजार असेल तर डॉक्टर एन-६४८ फॉर्म भरून देतो, त्यावर परीक्षेतूनच सूट मागता येते. आत्या तर १९८० च्या दशकात गेलेली, कधीचीच सिटिझन, त्यामुळं आमचा हा भाग सुटला.

मग तीन चाळण्या. पहिली मेडिकल, म्हणजे माणसाला खरंच नर्सिंग होमच्या पातळीची मदत लागते का, ते स्टेटची नर्स येऊन बघते. इथं आपली माणसं घात करतात. नर्स विचारते, एकट्यानं अंघोळ करता का, आणि आत्या लाजेनं म्हणते, हो करते की. अशा वेळी घरचं कोणीतरी शेजारी बसून खरं काय ते सांगितलं पाहिजे, रात्री उठून दार उघडून बाहेर जाते, गॅस चालू ठेवते, गोळ्या दोनदा घेते, हे सगळं. दुसरी चाळणी उत्पन्नाची. बऱ्याच स्टेटमध्ये लाँग टर्म केअरसाठी (म्हणजे वर सांगितलेल्या कायमच्या सेवेसाठी) २०२६ ची मर्यादा महिन्याला २,९८२ डॉलर आहे. सोशल सिक्युरिटी (तिकडचं सरकारी निवृत्तिवेतन) आणि पेन्शन मिळून त्याच्या वर जात असेल तर न्यू जर्सी, टेक्सास, फ्लोरिडासारख्या स्टेटमध्ये एक खास ट्रस्ट काढून वरचे पैसे त्यातून फिरवावे लागतात, त्याला मिलर ट्रस्ट म्हणतात, वकील करून देतो, हे फार अवघड नाही.

तिसरी चाळणी मालमत्तेची, आणि सोलापूर मध्ये येतं ते इथं. एकट्या माणसासाठी बहुतेक स्टेटमध्ये मर्यादा फक्त २,००० डॉलर, कॅलिफोर्नियात मात्र २०२६ पासून १,३०,००० डॉलर. राहतं घर आणि एक गाडी साधारण मोजत नाहीत (घराच्या किमतीलाही वरची मर्यादा आहे), आणि नवरा किंवा बायको घरी राहत असेल तर त्याच्यासाठी वेगळी रक्कम ठेवू देतात, ती २०२६ मध्ये जास्तीत जास्त १,६२,६६० डॉलर. आतोबांना हा आकडा कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला, त्यांना वाटत होतं की बायको नर्सिंग होमला गेली म्हणजे आपण रस्त्यावर.

पण राहतं घर एकच धरतात, आणि मालमत्ता जगात कुठंही असली तरी ती मालमत्ताच. विजापूर रोडचा भाड्यानं दिलेला फ्लॅट, पतसंस्थेतली एफडी, एलआयसीची सरेंडर व्हॅल्यू, लॉकरमधली सोन्याची बिस्किटं, सगळं सांगावं लागतं. अंगावरचे रोजचे दागिने साधारण सोडतात, गुंतवणूक म्हणून घेतलेलं सोनं नाही. आणि एक छुपी गोष्ट, काकांच्या खात्यावर आत्याचं नाव "असू दे दुसरं नाव" म्हणून टाकलेलं असतं, जॉइंट खातं असलं की सगळी रक्कम अर्जदाराचीच असं ते आधी धरून चालतात आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी आपली. आमच्याकडं असं एक खातं निघालं ज्यात सगळा पैसा काकांच्या ऊसबिलाचा होता, मग कारखान्याच्या बिलाच्या पावत्या आणि जमा झालेल्या नोंदी एकाखाली एक लावून, इंग्रजी करून पाठवल्या.

लपवायचं का, असं मला हमखास विचारतात. नाही. फॉर्मवर शपथेवर सही असते, इकडच्या व्याजाचा उल्लेख तिकडच्या टॅक्स रिटर्नमध्ये येतो, परदेशातल्या खात्यांची बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली की त्याचं वेगळं रिपोर्टिंग करावं लागतं. एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही असं झालं की सगळाच अर्ज संशयात जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हक्कसोड. आपल्याकडं वडील गेले की बहिणींच्या सह्या घ्यायच्या, साडीचोळी करायची आणि जमीन भावांच्या नावे करायची, ही रीतच पडून गेलीय. मुलींना बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभरात २००५ च्या दुरुस्तीपासून आहे, तरी रीत तीच. आत्याचा प्रश्न निघाल्या निघाल्या आमच्याच एका काकांनी मोहोळच्या जमिनीचं हक्कसोडपत्र टाईप करून तयार ठेवलं, म्हणे तिच्या नावावर जमीन नको म्हणजे तिचं मेडिकेड पण होईल आणि आपलं पण काम होईल. ऐकायला एकदम बरोबर वाटतं, आणि नेमकं हेच करायचं नाही. मेडिकेड अर्जाच्या तारखेपासून मागं ६० महिने बघतं, आणि त्या काळात अर्जदारानं किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोनं कमी किमतीत किंवा फुकट काहीही दिलेलं असेल तर त्याचा दंड लागतो. त्या मसुद्यात तर स्वच्छ लिहिलेलं, प्रेमापोटी विनामोबदला हक्क सोडत आहे. म्हणजे पुरावा आपणच टाईप करून रजिस्टर करून देणार. बक्षीसपत्राचं तेच, आणि वारसाहक्क नको म्हणून लिहून देणं हेही दिल्यातच धरतात.

दंड पैशाचा नसतो, महिन्यांचा असतो. समजा आत्याच्या हिस्स्याची किंमत ६०,००० डॉलर निघाली आणि त्या स्टेटनं नर्सिंग होमचा सरासरी महिन्याचा खर्च १२,००० धरला, तर भागाकार पाच, पाच महिने मेडिकेड नर्सिंग होमचे पैसे देणार नाही. आणि हे पाच महिने सही केलेल्या दिवसापासून मोजत नाहीत, माणूस नर्सिंग होममध्ये आहे, जवळचा पैसा संपलाय, बाकी सगळ्या बाबतीत पात्र आहे, तिथून पुढं मोजतात. २००६ मध्ये कायदा बदलला तेव्हापासून असं आहे. म्हणजे हातात काहीच नसताना पाच महिन्यांचं बिल. ते बिल तिकडं आतेभावानं भरायचं आणि जमीन इकडं काकांनी कसायची, हे मी काकांना तोंडावर सांगितलं तेव्हा दोन दिवस बोलले नाहीत, पण कागद बाजूला ठेवला.

याच्यातच अजून एक गैरसमज फिरतो, की वर्षाला १९,००० डॉलर कोणालाही दिले तरी चालतंय. तो इन्कम टॅक्सवाल्यांचा गिफ्टचा नियम, मेडिकेडला त्याचं काही देणंघेणं नाही. पुतणीच्या लग्नाला पाठवलेले, देवळाच्या जीर्णोद्धाराला दिलेले, घराच्या स्लॅबला दिलेले, सगळे त्या ६० महिन्यांत आले तर विचारतात. म्हणून ज्यांचे आईवडील किंवा आत्या-मावशी तिकडं सत्तरीच्या पुढं गेलेत त्या सोलापूरकरांनो, त्यांच्याकडून पैसे घेताना आता जरा विचार करा. उसने घेतले असतील तर लिखापढी करा आणि परत करा. आधीच दिलेलं पूर्ण परत केलं तर दंड साधारण जातो, अर्धवट परत केलं तर स्टेट बघून.

काय चालतं ते पण सांगतो. बाजारभावानं विकलेलं चालतं, काकांनाच विकायचं तरी चालतं, फक्त व्हॅल्युअरचा रिपोर्ट घ्या, रेडी रेकनरचा सरकारी दर जोडा, पैसे बँकेतून जाऊ द्या. आलेल्या पैशातून स्वतःची देणी फेडणं, घर दुरुस्त करणं, अंत्यविधीचे पैसे रद्द न होणाऱ्या कराराने आधीच भरून ठेवणं, हे सगळं चालतं. नवरा-बायकोत एकमेकांना देणं, अपंग मुलाला देणं यालाही दंड नाही. नर्सिंग होमला जायच्या आधी निदान दोन वर्षं आईच्या घरात राहून तिची सेवा केलेल्या मुलाला तिचं तिकडचं घर देता येतं. मुलगी नोकरी सोडून आईचं करत असेल तर तिला पैसे देता येतात पण आधी लेखी करार पाहिजे, मागून लिहिलेला नाही.

सामाईक सातबाऱ्यावरच्या हिस्स्याचं काय? इथं थोडी वाट असते. वाटणी झालेली नाही, बाकीचे हिस्सेदार विकायला तयार नाहीत, शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय घेता येत नाही, म्हणजे गिऱ्हाईकही मोजकंच. अशी मालमत्ता हाताशी नाही, विकून पैसा करता येत नाही, असं मांडता येतं. ते मान्य करायचं की नाही हे तिकडचा अधिकारी ठरवतो, पण आपण इकडून सोलापूरच्या वकिलाचं इंग्रजीतलं पत्र, सातबारा, आठ अ, फेरफार आणि हिस्सेदारांची लेखी नकारपत्रं दिली तर त्यांच्या वकिलाला काहीतरी धरून बोलता येतं. नुसतं "विलेज लँड, नो व्हॅल्यू" असं लिहून पाठवलं तर त्यावर चार प्रश्न उलटे येतात.

कागदांचं आता. बँक आणि पतसंस्थेकडून ६० महिन्यांचा खातेउतारा सही-शिक्क्याचा घ्या, पासबुकाचे फोटो पाठवू नका, आणि बंद केलेल्या खात्याचाही उतारा लागतो, तोच मिळायला सगळ्यात वेळ जातो म्हणून पहिला अर्ज त्याचा करा. सातबारा डिजिटल सहीचा ऑनलाईन निघतो, शहरातल्या घराला प्रॉपर्टी कार्ड. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर आणि खाली भाषांतर करणाऱ्याचं मला दोन्ही भाषा येतात व भाषांतर बरोबर आहे असं सहीचं निवेदन, ते घरच्या माणसानं न करता बाहेरच्यानं केलेलं बरं. नावाचा घोळ तर ठरलेला, सातबाऱ्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, अमेरिकेत मधलं नाव गायब. लग्नाचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं ॲफिडेव्हिट आधीच करून ठेवा. जन्मतारखेचंही तेच, त्या पिढीत निम्म्या लोकांची जन्मतारीख मास्तरांनी लिहिलेली १ जून, त्यामुळं कुठल्या कागदावर काय आहे ते जुळवून बघा.

पॉवर ऑफ ॲटर्नी माणसाला समजतंय तोवरच करून घ्या. तिकडं नोटरी करून अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का) किंवा भारतीय वकिलातीतून साक्षांकन, आणि कागद इकडं पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं, ते राहिलं की निबंधक कार्यालयात अडतंच. डिमेन्शिया पुढं गेल्यावर सहीला अर्थ उरत नाही, मग तिकडं पण कोर्ट आणि इकडं पण कोर्ट. विक्री झाली तर पैसा एनआरओ खात्यात (परदेशात राहणाऱ्याचं इथलं रुपयातलं खातं), टीडीएस कापून, सीएकडून टॅक्सचे फॉर्म करून बाहेर पाठवायचा, आणि तो तिकडं पोचला की पुन्हा मालमत्तेत मोजला जाणार हे धरून आधीच खर्चाचं ठरवायचं.

मंजूर झालं म्हणजे संपलं नाही. निदान वर्षातून एकदा रिन्यूअल येतं, पाकीट पोस्टानं येतं, आणि उत्तर गेलं नाही तर माणूस पात्र असूनही बंद होतं. पत्ता नर्सिंग होमचा न ठेवता मुलाचा द्या किंवा अधिकृत प्रतिनिधी म्हणून त्याचं नाव लावा. खात्यात सोशल सिक्युरिटीचे उरलेले पैसे साठत साठत २,००० च्या वर जातात, त्याच्याकडं दर महिन्याला बघायचं. काही बदललं की बऱ्याच ठिकाणी १० दिवसात कळवायचं असतं. बंद करायची नोटीस आली तर घाबरायचं नाही, अंमलाच्या तारखेआधी अपील म्हणजे फेअर हिअरिंग मागितलं तर निकालापर्यंत साधारण चालू राहतं, पण अपील हरलं तर मधले पैसे मागू शकतात. मेडिकेडसाठी महिन्याला ८० तास कामाचा नवा नियम व्हॉट्सॲपवर फिरतोय तो १९ ते ६४ वयाच्या लोकांसाठी आहे, म्हाताऱ्यांना नाही.

इकडच्या माणसानं लक्ष ठेवायचं ते वारसनोंदीवर. इकडं कोणी गेलं, मृत्युपत्र नसलं, की वारस फेरफारात तिकडच्या बहिणीचं नाव आपोआप लागतं आणि तिला पत्ताही नसतो. तसंच भूसंपादनाचं, आपल्याकडं सुरत-चेन्नई महामार्ग आहेच, मोबदल्याची यादी लागली आणि त्यात आत्याचं नाव असलं तर ते तिच्या नावचं धन. अशी कुठलीही नोटीस आली की त्याच दिवशी फोटो तिकडं पाठवायचा. आणि ज्यांना पुढं इच्छा आहे त्यांनी स्वतःच्या मृत्युपत्रात मेडिकेडवरच्या बहिणीला हिस्सा कसा द्यायचा हे वकिलाला विचारून लिहावं, सरळ नावे केला तर तिचं मेडिकेड थांबू शकतं.

आत्याला सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेला आणायचं का, हा भावनिक प्रश्न दरवर्षी निघतो. अमेरिकेबाहेर मेडिकेड एक पैसाही देत नाही, इकडं आजारी पडलं तर खिशातून. घरी येणारी सेवा बरेच दिवस वापरली नाही तर बंद करू शकतात, आणि एसएसआय (गरीब म्हाताऱ्यांना व अपंगांना मिळणारी सरकारी महिन्याची मदत) मिळत असेल तर ३० दिवस देशाबाहेर राहिलं की ते थांबतं आणि परत गेल्यावर सलग ३० दिवस तिथं राहिल्यावरच सुरू होतं. आणायचंच असेल तर केसवर्करला आधी कळवून, परतीचं तिकीट काढून, तीन आठवड्यांत परत.

शेवटचं एस्टेट रिकव्हरी. ५५ वर्षांनंतर मेडिकेडनं लाँग टर्म केअरवर केलेला खर्च माणूस गेल्यावर त्याच्या मागं राहिलेल्या मालमत्तेतून वसूल करायचा असा १९९३ पासून नियम आहे. म्हणजे तेव्हा न मोजलेलं घर नंतर मोजलं जाऊ शकतं. नवरा-बायकोपैकी मागचा जिवंत असेपर्यंत, किंवा २१ च्या आतलं वा अपंग मूल असेल तर वसुली करत नाहीत, आणि अडचण दाखवून माफीही मागता येते. पत्र आलं की मुदत बघून उत्तर द्यायचं. वकील परवडत नसेल तर स्टेटच्या शिप नावाच्या सल्ला केंद्रात मेडिकेअर-मेडिकेडचं मार्गदर्शन फुकट मिळतं, आणि एल्डरकेअर लोकेटरचा नंबर १-८००-६७७-१११६ लावला तर जवळचं ऑफिस सांगतात. मेडिकेडच्या ऑफिसात मराठी दुभाषा मागायचा हक्क आहे, पैसे लागत नाहीत, फक्त फोन लागला की आधी "मराठी" म्हणून सांगायचं, नाहीतर हिंदीवाला जोडून देतात आणि आत्या त्याच्याशी तासभर भलतंच बोलत बसते.